उजनीच्या फुगवट्यावर नवी पाँटून बोट: पहिल्या वर्षी काय सांभाळावे?

कोथरूडकर:
नमस्कार. आम्ही तिघा भावंडांनी नुकतीच ॲल्युमिनियमच्या दोन पोकळ नळ्यांवर तरंगणारी, सपाट डेकची पाँटून बोट आउटबोर्ड इंजिनासह (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) घेतली आहे. भिगवणजवळ आमची वडिलोपार्जित जमीन असून नोंदणी आणि परवानगीचे सोपस्कार पूर्ण झाले आहेत. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावेत आणि आई-वडिलांना संध्याकाळी एखादी संथ फेरी घडवावी, एवढाच हेतू आहे. या बोटीला देखभाल लागतच नाही, असे विक्रेत्याने सांगितले. ते मला पटलेले नाही. बोट वर्षभर पाण्यातच ठेवली तर चालेल का?

भीमाकाठ:
माझ्या मते ठेवू नये. पावसाळ्याच्या अखेरीस भरलेले उजनीचे पाणी उन्हाळ्यात इतके ओसरते की काही वर्षी पळसदेवचे बुडालेले जुने देऊळही उघडे पडते. ऑक्टोबरमध्ये काठाला बांधलेली बोट नंतर कधीतरी चिखलात किंवा दगडांवर टेकलेली आढळते, आणि नळीला पोचा तिथेच पडतो. ट्रेलरवर काढून ठेवणे उत्तम; मात्र ज्या लाकडी पट्ट्यांवर नळ्या टेकतात, त्या तांबेयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडाच्या नसाव्यात, कारण तांब्यामुळे ॲल्युमिनियम गंजते. तळाला लावायचा रंगही त्याच कारणाने तांबेविरहित घ्यावा.

पाँटून सहसा डुलत नाही, म्हणून ज्येष्ठांना ती मानवते. परंतु सपाट डेक आणि वरचे छत यांमुळे ती वाऱ्याला फार लवकर बळी पडते. मे 2024 मध्ये कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती पाँटून नव्हती, पण पाणी हेच होते. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचे ढग दिसताच छत दुमडावे, काठ गाठावा, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात असावे, बाकाखाली नव्हे.

गिअरऑइल:
इंजिनाबद्दल लिहितो. पहिले काही तास एकाच वेगाने किंवा पूर्ण वेगाने चालवू नका. नेमके किती तास, ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. इंजिन सुरू होताच मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते की नाही, हे दर वेळी पाहा. धार पडत नसेल तर इंजिन तत्काळ बंद करा: जलपर्णीने पाणी ओढण्याची जाळी तुंबलेली असते किंवा इम्पेलर (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी खेचणारे रबरी चक्र) गेलेला असतो. पाण्याबाहेर कोरडे चालवल्यास इम्पेलर काही क्षणांतच जळतो, हे आमच्या घरच्या एका उत्साही पाहुण्याने सिद्ध केले आहे.

उजनीत मासेमारीची जाळी सर्वत्र असतात. पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलेला नायलॉनचा धागा सील कापतो आणि पाणी गिअरच्या पेटीत शिरते. म्हणून पंखा अधूनमधून काढून पाहावा. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सील गेले असे समजावे.

आणखी एक, सहसा कुणी न सांगणारी गोष्ट: गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा असावा. जस्ताचा ॲनोड खाऱ्या पाण्यासाठी असतो. गोड्या पाण्यात त्यावर कठीण थर जमून तो निकामी होतो.

पाणपक्षी:
रोहितांच्या थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करून थांबावे. थवा उडाला तर आपण फार जवळ गेलो, असे समजावे.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. ॲनोडवरील खूण आजच पाहिली; तो जस्ताचाच आहे. विक्रेत्याला बदलून देण्यास कळवले आहे, आणि ट्रेलरच्या पट्ट्यांचे लाकूड कोणते, हेही विचारले आहे.