गावच्या घरात काटकसरीने वर्ष कसं काढता? (कणकवली तालुका)

शिवणवाली

नमस्कार. येत्या एप्रिलअखेर आम्ही दोघं डोंबिवलीची जागा भाड्याने देऊन कणकवली तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे जातोय. नवऱ्याची कंपनी बंद झाली. वय त्रेपन्न, आता नवी नोकरी कोण देणार? मुलगा पुण्याला शिकतोय. त्याची खोली आणि मेस वजा जाता आमच्या दोघांच्या वाट्याला महिन्याला नऊ हजारांच्या आसपास उरतील. शिवणयंत्र घेऊन जातेय, पण वाडीत किती ब्लाउज मिळतील देव जाणे.

घर जांभ्याचं, कौलारू. मागे विहीर आहे, मे महिन्यात तळ दिसतो. माड नऊ, रतांब्याचं (कोकमाचं) एक झाड, दोन फणस आणि थोडा मळा, तो चुलतदीर करतात. मी आजवर गणपतीला आणि मे महिन्यात पाहुण्यासारखी राहिलेय, बाकी अनुभव शून्य. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. एक म्हणतो साबणसुद्धा घरी करा, दुसरा म्हणतो गोबरगॅस बसवा, सिलिंडरच नको. मला एवढंच विचारायचंय, खरोखर गावात राहणारी बाई काय घरी करते आणि काय विकत आणते? सुरुवात कशापासून करू?

हिरवीवाट

अभिनंदन ताई! आधी मातीचं परीक्षण करून घ्या. मग ठिबक, गांडूळखताचे दोन बेड, सोलर पंप, दहा-बारा गावठी कोंबड्या आणि एक देशी गाय. गोबरगॅस तर हवाच. दोन वर्षांत दुकानातून फक्त मीठ आणावं लागेल. आमच्या पनवेलजवळच्या वीकेंड प्लॉटवर आम्ही हेच केलंय.

परड्यातली

हिरवीवाट, सोमवार ते शुक्रवार तुमच्या गायीचं शेण कोण काढतं हो?

शिवणवाली, मी माहेर-सासर दोन्हीकडून सिंधुदुर्गातलीच आणि वयाने तुझ्याहून बरीच मोठी, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

एप्रिलअखेर येतेस ते उत्तम. आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मिरगाआधी (मृग नक्षत्राआधी) सुरू होतं. 7 जूनच्या सुमारास मिरग निघतो, त्याआधीचे चार-पाच आठवडे आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे. आता पावसातही दुकानं चालू असतात, उपाशी कोणी राहत नाही. पण चार महिने ऊन मिळत नाही. ऊन आहे तोवर वाळवून ठेवलं ते फुकट पडतं, नाही ठेवलं ते ऑगस्टमध्ये दुप्पट पैसे मोजून आणायचं. त्यामुळे येशील त्या आठवड्यात बी-बियाणं आणि वाफे विसर, आधी वाळवणाला लाग.

पहिलं रतांब्याचं झाड. फळं पिकली की पाऊस लागायच्या आत उतरव. फोडून सालं एकीकडे, गर-बिया एकीकडे. गराला मीठ लावून ठेवलास की रस सुटतो. सालं दिवसभर कडक उन्हात घालायची, रात्री त्या रसात भिजवायची, सकाळी परत उन्हात. असं पाच-सहा वेळा केलं की आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. घाईने एकदाच वाळवलेलं साल चामड्यासारखं होतं आणि आमटीला रंगही देत नाही. एका चांगल्या झाडाची आमसुलं दोन माणसांना वर्षभर पुरून वर विकण्याजोगी उरतात. बिया टाकू नकोस. राखेत घोळवून वाळव आणि पावसात हाताला काम नसेल तेव्हा फोड. आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगतं ते तेल गार झालं की घट्ट होतं, त्याचे मुठीत वळून गोळे करायचे. हे मुठेल. चिखलात पाय फुटतात तेव्हा दुकानातलं कुठलंही मलम त्याच्यापुढे फिकं.

फणसाचं म्हणशील तर गरे सगळे खातात, आठळ्या शहाणी बाई ठेवते. धुऊन सावलीत सुकवायच्या, कोरड्या तांबड्या मातीत घोळवून काळोख्या कोपऱ्यात ठेवायच्या. पावसात भाजी महाग झाली की आठळ्या आणि सुकी सुंगटं (कोळंबी), किंवा आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी. टाकळा पहिल्या पावसाबरोबर रस्त्याच्या कडेला उगवतो, पाठोपाठ कुर्डू, फोडशी, भारंगी. ह्यांना लागवड नको, पाणी नको. ओळखायला मात्र जावेबरोबर जा, मोबाइलमधल्या फोटोवरून पाला ओरबाडून शिजवू नकोस.

मळा चुलतदीर करतात ना? जमीन कसण्याचा खंड पैशात घेऊ नकोस, भात घे. तेही सगळं भरडून आणू नकोस. भात कणगीत राहू दे, महिन्याला लागेल तेवढंच गिरणीवर ने. तांदळाला पोरकिडे लवकर लागतात, टरफलातल्या भाताला तितके नाही. थोडं भात उकडून ठेव, पेजेला उकडेच तांदूळ लागतात. कोंडा कोंबड्यांना, तूस न्हाणीच्या चुलीला. भातकापणी झाली की जमिनीत जी ओल असते तिच्यावर कुळीथ पेर म्हणून दिराला सांग, वरून पाणी लागत नाही. कुळथाची पिठी आणि भात हे आमचं निम्म्या दिवसांचं जेवण आहे, लाजायचं कारण नाही.

आता गोबरगॅस. दोन घनमीटरचा संयंत्र चार-पाच माणसांच्या घराला पुरतो, पण त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागतं. आपली कोकण कपिला ही लहान चणीची गाय, दिवसाला फार तर दहा किलो शेण देते आणि दूध दोनेक लिटर. कर हिशेब. गॅससाठी पाच जनावरं, त्यांचा पेंढा, त्यांचं पाणी, तेही तुझ्या मे महिन्यात आटणाऱ्या विहिरीवर. ज्यांचा गोठा आधीपासून भरलेला आहे त्यांना गोबरगॅस सोन्यासारखा. तुला नाही.

तुझं जळण माडावर आहे. माड महिन्याला साधारण एक झावळ टाकतो, नऊ माडांच्या वर्षाला शंभर झाल्या. त्यात नारळाची सोडणं, करवंट्या, झावळांचे पिडे (देठ). मे संपायच्या आत सगळं मांगरात (परसातल्या खोपटात) किंवा पडवीच्या माळ्यावर कोरडं गेलं पाहिजे. आंघोळीचं पाणी, भात, कडधान्य चुलीवर. चहा, फोडणी आणि रात्रीचं गरम करणं गॅसवर. आमच्या दोघांना 14.2 किलोचा सिलिंडर अशा रीतीने तीन महिने जातो. चुलीला धुराडं मात्र करून घे. धूर गिळत काटकसर करण्यात शहाणपण नाही, वाचलेले पैसे डॉक्टरला जातात.

नारळ विकत आणायचा प्रश्न नाही. नीट निगा राखलेला बाणवली माड वर्षाला ऐंशी नारळ देतो. तुझे माड दुर्लक्षित असतील, चाळीस-चाळीस धर, तरी रोजचा एक निघाला. नारळ उतरवणारा पाडेली झाडामागे पैसे घेतो तो खर्च धर. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी पन्हळ काढून केळीला, अळवाला आणि जवळच्या माडांना सोड. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे आणि मे महिन्यात बायका कळशी घेऊन उभ्या, कारण जांभ्यात पाणी ठरत नाही.

परड्यात भाजी लावशील ती दोन हंगामांत. मिरगाला पडवळ, दोडकी, काकडी, भोपळा मांडवावर. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, वाल. भोपळे आणि तवशी (मोठ्या काकड्या) पिकली की आढ्याला टांगून ठेव, कित्येक महिने टिकतात. वांदरांचं तुला कोणी सांगितलं नसेल. सकाळी टोळी येते आणि भेंडी, काकडी, केळी सगळं उभं खाऊन जाते. हळदीला आणि मिरचीला सहसा हात लावत नाहीत. म्हणून घरापासून लांब हळद, मिरची आणि दाराशी बाकीचं, म्हणजे ओरडायला तरी जमतं.

विकत काय आणते? तूरडाळ, गहू, साखर, चहा, खोबरेल सोडून बाकीचं तेल, मसाल्याची मिरची, बटाटे, लसूण. कांदे मे महिन्यात एकदम घेऊन माळेत बांधून ठेवते. अंगाचा साबण दुकानातला. कॉस्टिक आणून साबण ढवळत बसणारी बाई मी आमच्या पंचक्रोशीत पाहिली नाही. चुलीवरच्या भांड्यांना राख आणि सोडणाचा काथ्या.

आणि काय कमी होत नाही तेही ऐक. डॉक्टर, औषधं, एसटी आणि रिक्षा, लाइटबिल, मोबाइल, लग्नांचे आहेर, वाडीची वर्गणी, गणपती. घरची आमसुलं आणि चुलीवरचा भात असला तरी ह्या खर्चाला रुपयाची सूट नाही. नऊ हजारांतले चार ह्याच्यासाठी धर. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा अर्ज आल्याबरोबर टाक.

शिवणवाली

काकी, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन शंका. रतांब्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला तर सालांचं काय करायचं? आणि कोंबड्या तरी पाळू ना?

परड्यातली

पाऊस आला तर सालं चुलीवरच्या फळीवर, परातीत पातळ पसरून. रंग थोडा मार खातो, बुरशी येत नाही. खूपच फळं आडवी पडली असतील तर सालंच साखरेत घालून सरबताचं कर, गरात मीठ घालून आगळ काढ. दोन्हीला ऊन लागत नाही.

कोंबड्या चार-पाच, त्यात एकच कोंबडा. रात्री खुराडं घट्ट लावता आलं पाहिजे, मुंगूस फटीतून शिरतो. त्या परड्यातला किडा-दाणा टिपतात म्हणून परवडतात. विकतचं खाद्य घालायला लागलीस की अंडं दुकानातल्यापेक्षा महाग पडतं.

माणदेशी

आम्ही माण तालुक्यातले, सातारा जिल्हा. कोकणात एका जोराच्या आठवड्यात पडतो तेवढा पाऊस आम्हाला सबंध पावसाळ्यात मिळत नाही, तेव्हा नारळ-फणसाचं आम्ही फक्त वाचायचं. पण सूत्र तेच दिसतंय. आमच्याकडे शाळूची ज्वारी कणगीत, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला. हुलगं (तुमचा कुळीथ), मटकी चाळून, कडक वाळवून, राख लावून. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया. हुलग्याच्या पिठाचं माडगं म्हणजे तुमच्या पिठीची देशावरची बहीण.

काकूंनी एक गोष्ट सांगितली नाही ती मी सांगतो. आमच्यात अजून सावड चालते. तुमच्या खुरपणीला आम्ही, आमच्या काढणीला तुम्ही, मजुरी कोणी कोणाला देत नाही. वहिनी, तुम्हाला रानातलं काम येत नाही, पण मशीन चालवता येतं. पोरांचे शाळेचे गणवेश, गोधड्या, गाऊन. पहिल्या वर्षी त्यातूनच सावड धरा.

शिवणवाली

भाऊ, ही कल्पना आवडली. पण एक अडचण आहे. दूध चुलतजावेकडूनच घ्यावं लागेल. ती पैसे घेणार नाही म्हणतेय. मी तिचे ब्लाउज फुकट शिवून दिले तर फिटंफाट होईल का?

परड्यातली

नाही गो. माणदेशींची सावड रानाच्या कामात चालते, कारण तिथे दिवसाला दिवस मोजता येतो. दूध रोजचं आणि ब्लाउज सणाचा, ह्याचा मेळ कसा बसायचा? सहा महिन्यांनी तिला वाटेल आपण जास्त दिलं, तुला वाटेल आपण जास्त दिलं, आणि भावकीत तोंडावर कोणी बोलत नाही. वाडीत जो दर असेल त्याने महिन्याच्या महिन्याला पैसे तिच्या हातात ठेव, नको म्हणाली तरी ठेव. ब्लाउज हवा तर गणपतीला वेगळा शिवून दे, त्याचा दुधाशी संबंध जोडू नकोस. शेण माग तिच्याकडे, माडांच्या आळ्यांत घालायला, ते ती खुशीने देईल.

अजून एक राहिलं. घर इतके महिने बंद आहे, वांदरांनी कौलं फोडली असणार. मिरगाआधी कौलं चाळून, म्हणजे काढून फुटकी बदलून परत रचून, घ्यायची असतात आणि चाळणारा माणूस मे महिन्यात हाताला लागत नाही. दिराला आजच फोन करून त्याला सांगून ठेव, आणि फुटकी किती निघतील त्या अंदाजाने जुन्या मापाची कौलं कुठे मिळतात तेही विचार. नवीन मापाची जुन्यांत बसत नाहीत.