दोनदा बायोप्सी नॉर्मल, तरी स्वरतंतूंखाली फुगवटा. पुढे काय?

ईएनटी_रेसिडेंट: पुरुष, वय 64. वर्षभर आवाज घोगरा, आता जिना चढताना धाप लागते. दुर्बिणीत सबग्लॉटिसमध्ये (स्वरतंतूंच्या खालच्या भागात) मागच्या बाजूला गुळगुळीत फुगवटा दिसतो, म्युकोसा (आतलं ओलसर अस्तर) शाबूत. डावा स्वरतंतू हलत नाही. फोर्सेप्सने दोनदा तुकडे घेतले, दोन्ही वेळा नॉर्मल म्युकोसा. तिसऱ्यांदा बायोप्सी करू का?

घसा_सर्जन: तशीच पुन्हा नको. गाठ म्युकोसाखाली आहे, चिमटा वरवरचंच उचलतो. आधी सीटी. क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या कूर्चेच्या कड्याच्या) मागच्या पाटीतून वाढणारा कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, हा माझा पहिला संशय. स्वरयंत्राच्या कर्करोगांत तो अगदी दुर्मीळ, पण जागा आणि रूप नेमकं त्याचंच. अमायलॉइड (एका प्रथिनाचा साठा) आणि लाळग्रंथींच्या पेशींची गाठही यादीत ठेवा.

रेडिओ_काका: 1 मिमीचे काप, हाडाची विंडो (हाड ठळक दाखवणारी सेटिंग), कोरोनल आणि सॅजिटल (समोरून आणि बाजूने पाहिल्यासारख्या) रिकन्स्ट्रक्शनसकट. क्रिकॉइड फुगलेलं आणि आत ठिपक्यांचं किंवा कड्यांसारखं कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचा साठा) दिसलं की कूर्चेची गाठ जवळजवळ नक्की. टी2 प्रकारच्या एमआरआयवर ती पांढरी चमकते. वयाने कूर्चा हाडाळते, तिला गाठ समजू नका. कॉन्ड्रोमा (कूर्चेची साधी गाठ) की लो-ग्रेड (कमी आक्रमक) सार्कोमा, हे मात्र सीटी सांगत नाही.

ईएनटी_रेसिडेंट: मग पेट सीटी?

रेडिओ_काका: लो-ग्रेडमध्ये एफडीजी (पेटसाठी टोचतात ती किरणोत्सारी साखर) कमी घेतलं जातं. पेट थंड आला म्हणून गाठ साधी ठरत नाही.

पॅथ_मॅडम: मायक्रोलॅरिंजोस्कोपीत (भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली स्वरयंत्र पाहताना) म्युकोसाला छेद देऊन खोलवरचे तीन-चार तुकडे द्या. फॉर्मवर ‘क्रिकॉइड, सीटीत कॅल्सिफिकेशन’ हे लिहाच. नुसतं ‘सबग्लॉटिक बायोप्सी’ लिहून पाठवतात आणि मग आम्ही अंधारात चाचपडतो. कडक तुकडे ईडीटीएमध्ये (कॅल्शियम हळुवार काढणाऱ्या द्रावणात) मऊ करायला सांगा, तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो आणि पुढची जनुकीय तपासणी हातची जाते. लहान तुकड्यावरून ‘कॉन्ड्रोमा’ म्हणणं धोक्याचं: एकाच गाठीत काही भाग सौम्य, काही घातक असतो. दोन केंद्रकांच्या पेशी, पेशींची दाटी, आजूबाजूच्या हाडात घुसखोरी, हे शोधावं लागतं. खरी ग्रेड पूर्ण गाठ काढल्यावरच.

घसा_सर्जन: आणि भूल देणाऱ्यांना आधी सीटी दाखवा. 5 नंबरची मायक्रोलॅरिंजियल नळी (श्वासासाठीची बारीक नळी) तयार ठेवा, ट्रेकिओस्टॉमीची (गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडण्याची) संमती आधीच घ्या. बायोप्सीनंतर सूज येऊन श्वासाची अरुंद वाट बंद पडू शकते. रुग्णाला लगेच ‘स्वरयंत्र काढावं लागेल’ असं सांगू नका. लो-ग्रेड गाठ सावकाश वाढते, बऱ्याचदा तेवढीच काढून आवाज वाचवता येतो.