मदत हवी आहे: तांब्याच्या पट्टीवरचे ऑक्साइडचे रंग दर वेळी वेगळे येतात

तांबूस_निळा:
बीएस्सीच्या प्रकल्पासाठी तांब्याची पट्टी (0.1 मिमी) हॉटप्लेटवर 220 अंश सेल्सिअसला तापवून हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया रंगांवरून बघायची आहे. तपकिरी, जांभळा, निळा असा क्रम येतो, मग पिवळा-लाल. पण एकाच पट्टीवर ठिपके पडतात, आणि तोच रंग कधी लवकर तर कधी उशिरा येतो. पोलादाचा टेंपर रंगांचा (तापवल्यावर चढणाऱ्या रंगांचा) तक्ता लावून पाहिला, जुळत नाही. रंगावरून थराची जाडी कशी काढायची?

गंजशास्त्री:
आधी तो तक्ता बाजूला ठेवा. तो पोलादावरच्या लोखंडाच्या ऑक्साइडचा आहे, आणि पोलादालाही ठरावीक वेळ तापवले तरच लागू पडतो. रंग जाडी सांगतो, तापमान नाही. कमी तापमानाला जास्त वेळ ठेवले तरी तोच निळा येतो.

तुमच्या पट्टीवर सुरुवातीला क्युप्रस ऑक्साइड (Cu₂O) वाढते. व्यतीकरणाचे रंग (थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकत्र आल्याने दिसणारे) त्याचेच. ढोबळ अंदाज: 40 नॅनोमीटरच्या आसपास तपकिरी, 50 ला गडद निळा, 100 ला पिवळा, 125 ला लाल. त्यापुढे रंगांचा दुसरा फेरा सुरू होतो, म्हणून एकट्या शेवटच्या फोटोवरून जाडी ठरवू नका. सुरुवातीपासून क्रम बघत यायला हवे.

ठिपक्यांचे कारण बहुतेक वेळा हाताचा घाम किंवा धुतल्यावर जागीच वाळलेले पाणी. 400, 800, 1200 नंबरच्या वॉटर पेपरने एकाच दिशेने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, 10 टक्के सल्फ्युरिक आम्लात अर्धा मिनिट ठेवा, मग डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल, आणि लगेच गार हवेच्या झोताने वाळवा. पुढे फक्त चिमट्यानेच धरा. नायट्रिक आम्ल नको, पृष्ठभाग खरवडून निघतो.

वेळ बदलते त्याला हॉटप्लेट जबाबदार. 0.1 मिमीची पट्टी तापली की वाकते आणि मधूनच प्लेटपासून सुटते. निदान 0.5 मिमी घ्या, खाली 10 मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ठेवा, दोन्ही टोके क्लिपने दाबा. ठोकळ्यात पट्टीच्या अगदी खाली भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवा. हॉटप्लेटवरचा आकडा पट्टीचा नसतो.

तांबूस_निळा:
मोबाइलने व्हिडिओ घेतला तर चालेल का? कोन बदलला की रंग बदलेल ना?

विद्युत्_रसायन:
चालेल, पण व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर लॉक करा आणि फ्रेममध्ये राखाडी कार्ड ठेवा. कोनाची भीती थोडी जास्तच असते. क्युप्रस ऑक्साइडचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो तो आकडा) अडीचच्या वर असल्याने 45 अंशातून पाहिले तरी व्यतीकरणातला फरक चार-पाच टक्क्यांपलीकडे जात नाही. खरा त्रास चकाकीचा. ट्रेसिंग पेपरमागे दिवा ठेवा.

वरचे जाडीचे आकडे अंदाजाचे, स्वतःचे कॅलिब्रेशन कराच, म्हणजे रंगामागची जाडी वेगळ्या पद्धतीने मोजून पडताळा. निळ्यावर थांबवलेली पट्टी 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये (लिटरला 7.46 ग्रॅम) कॅथोड (ऋण टोक) करा, म्हणजे ऑक्साइडचे परत तांबे होते. दर चौरस सेंमीला 0.1 मिलिअँपिअर स्थिर प्रवाह द्या आणि संदर्भ इलेक्ट्रोडशी (ज्याचे विभव स्थिर राहते) विभव म्हणजे व्होल्टेज नोंदवा. विभव एकदम खाली कोसळले की ऑक्साइड संपले. एका नॅनोमीटरला चौरस सेंमीमागे साधारण 0.81 मिलिकूलंब, म्हणजे या प्रवाहाला 8 सेकंद. 50 नॅनोमीटरला 400 सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. आधी नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन काढून टाका, नाहीतर प्रवाह त्यातच खर्च होतो आणि जाडी फुगून येते. पट्टीची मागची बाजू नेलपॉलिशने झाका. तिथेही ऑक्साइड असते, हे हमखास विसरले जाते.

गंजशास्त्री:
जाडीच्या वर्गाचा (जाडी × जाडी) वेळेशी आलेख काढा. सरळ रेषा आली तर पॅराबोलिक नियम, म्हणजे थर जाड होईल तशी वाढ मंदावते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ टामान यांनी 1920 मध्ये आयोडीनच्या वाफेतल्या चांदीवर असेच रंग वाचून तो मांडला. थर पातळ आणि तापमान कमी असेल तर रेषा वाकू शकते, तेव्हा जाडी विरुद्ध वेळेचा लॉग (लॉगॅरिदम) असा आलेख काढून पाहा. पट्टी काळी पडली तर क्युप्रिक ऑक्साइड (CuO, काळे) वर आले आहे, तिथून पुढचे रंग मोजणीत घेऊ नका.