पिसं उपटणारी कॉकाटेल: आधी झोप बघा

ताई, तुमची कॉकाटेल (तुऱ्याचा छोटा पोपट) छातीची पिसं उपटते आणि सारखी कपाटाखाली शिरते, हे वाचून जीव कळवळला. मालवणला आमच्या पिंकीचंही असंच झालं होतं. छाती उघडी, गुलाबी; डोक्यावरची पिसं मात्र शाबूत, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही.

पहिल्यांदा पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. जंत किंवा संसर्गानेही असं होतं. कपाटाखालची फट बंदच करा, तिला ते घरटं वाटतं आणि अंडी घालायची ओढ लागते; त्या अस्वस्थतेतही पिसं उपटली जातात. पाठीवरून हात फिरवू नका, त्यानेही तीच ओढ वाढते; फक्त डोकं खाजवा. रात्री 12 तास काळोख हवाच. आमच्याकडे अकरापर्यंत टीव्ही चालायचा, तिथेच चुकत होतं. गरम मऊ भातही त्याच कारणाने बंद केला. आता झावळीच्या पात्यांत राळ्याचे दाणे गुंडाळून देते, सोडवण्यात तिची सकाळ जाते. पिसं यायला मात्र काही महिने लागले.