मदत हवी आहे: जिवाणूच्या पेटंट अर्जावरचे आक्षेप

नमस्कार मंडळी. ठाणे खाडीच्या चिखलातून वेगळ्या केलेल्या, सांडलेलं तेल पचवणाऱ्या जिवाणूंवर आमच्या छोट्या प्रयोगशाळेने पेटंट अर्ज केलाय. अँटॉप हिलच्या मुंबई पेटंट कार्यालयातून पहिला परीक्षण अहवाल आला. निसर्गातला जीव नुसता सापडला म्हणून पेटंट नाही, हा पेटंट कायद्याच्या कलम 3(सी)चा आक्षेप अपेक्षितच होता. खरी पंचाईत 3(ई)ची. दोन जिवाणूंच्या मिश्रणात नुसती बेरीज नको, एकत्र आल्यावर जास्तीचा परिणाम दिसायला हवा. तसे आकडे आहेत, पण त्या चाचण्या अर्जानंतर पूर्ण झाल्या. शपथपत्रावर दिले तर परीक्षक विचारात घेतात का? की दावे (म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागतो ते) जिवाणूंवर न करता प्रक्रियेपुरतेच ठेवावेत? 2002च्या डिमिनाको निकालात कलकत्ता उच्च न्यायालयाने जिवंत विषाणू असलेल्या लसीची प्रक्रिया पेटंटयोग्य मानली होती, म्हणून हा मार्ग सुचतोय.

जिवाणू अर्जाआधीच पुण्याच्या एमसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात जमा केलेत, क्रमांक अर्जात आहे. जैवविविधता प्राधिकरणाकडची नोंदणी चालू आहे.

उत्तराला 6 महिने मिळतात. वकीलसाहेब आताच मुदतवाढीच्या गोष्टी करतायत, मला काही ते पटत नाही. 3(ई)वर सुनावणीला गेलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, परीक्षक नेमकं काय विचारतात?