पॉलिगॉनवर पाठवलेले यूएसडीसी वॉलेटमध्ये दिसत नाहीत, शिल्लक शून्य

अमळनेरकर यांचा प्रश्न

नमस्कार. अमळनेरला माझे कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या वर्षभरात एका भारतीय एक्स्चेंजवरून थोडे थोडे करून घेतलेले ६४० यूएसडीसी (अमेरिकी डॉलरच्या किमतीशी बांधलेले टोकन) मी माझ्या मेटामास्क या डिजिटल वॉलेटमध्ये इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कवर ठेवले होते. तेथे प्रत्येक हालचालीचे शुल्क जड जाते, म्हणून रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास मी ती सगळी रक्कम पॉलिगॉनच्या अधिकृत ब्रिजवरून (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर टोकन नेणाऱ्या सेवेवरून) पॉलिगॉन या दुसऱ्या, स्वस्त नेटवर्कवर पाठवली. आज मंगळवार आहे, आणि पॉलिगॉनवरील शिल्लक अजून शून्यच दिसते.

मी काय काय तपासले ते सांगतो. इथरस्कॅन या इथेरियमवरील व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर माझ्या पत्त्यावरून दोन व्यवहार दिसतात, पहिला ब्रिजला माझे टोकन घेऊ देण्याच्या परवानगीचा आणि दुसरा रक्कम जमा करण्याचा, आणि दोन्ही यशस्वी आहेत. मेटामास्कमध्ये नेटवर्क पॉलिगॉन आहे आणि चेन आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) १३७ आहे. टोकन आपोआप दिसले नाही, तेव्हा यूएसडीसी काढणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पॉलिगॉनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (टोकन ज्यावरून ओळखले जाते तो पत्ता) घेऊन तो हाताने जोडला, तरी आकडा शून्य. पॉलिगॉनसाठीच्या तशाच पॉलिगॉनस्कॅनवर माझा पत्ता टाकला, तर व्यवहारांची यादी पूर्ण रिकामी. इथून गेले हे दिसते, तिथे पोहोचल्याची खूण नाही, मग मधल्या मध्ये रक्कम गेली कुठे?

काल एका समाजमाध्यमावर हीच अडचण लिहिली, तेव्हा दहा मिनिटांत ‘सहायता कक्ष’ अशा नावाने तीन जणांचे खासगी संदेश आले. त्यांतील एकाने वॉलेट ‘पडताळून’ देण्यासाठी दुवा पाठवला आहे. मी अद्याप कोणालाही उत्तर दिलेले नाही.

केळीमाल_सावदा यांचे उत्तर

उत्तर दिले नाही हे उत्तम केले, आणि देऊही नका. माझ्या मते आपली रक्कम पोहोचलेली आहे. ती वेगळ्या नावाच्या खात्यावर जमा आहे आणि आपण शेजारच्या खात्यात पाहत आहात.

आमचा धंदा केळीच्या वाहतुकीचा आहे, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. दिल्लीच्या व्यापाऱ्याचा ‘माल आला नाही’ असा फोन आला की आम्ही आधी बिल्टी काढतो, तिच्या क्रमांकावरून गाडी कुठवर पोहोचली ते बघतो, आणि मगच चालकाला दोष द्यायचा की नाही ते ठरवतो. ब्लॉकचेनवर व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, हीच बिल्टी आहे. वॉलेट हे नुसते पाहण्याचे साधन आहे. त्याला ज्या टोकनचा पत्ता सांगितला असेल, त्याचीच शिल्लक ते विचारते.

आता मूळ कारण. पॉलिगॉनवर यूएसडीसी दोन प्रकारचे आहेत. सर्कल कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये पॉलिगॉनवर स्वतःचे यूएसडीसी थेट काढले, आणि त्याचाच पत्ता आपण त्यांच्या संकेतस्थळावरून घेतला. त्याआधीपासून चालत आलेले जे यूएसडीसी आहे, ते ब्रिजने तयार केलेले आहे. आपण इथेरियमवर दिलेली रक्कम ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कुलूपबंद होते आणि तेवढ्याच रकमेचे टोकन पॉलिगॉनवर नव्याने निर्माण होऊन आपल्याला मिळते. गोदामात ज्वारीची पोती ठेवून हातात पावती घ्यावी, तसे. पोती इथेरियमच्या गोदामात आहेत आणि पावती पॉलिगॉनवर फिरते. या पावतीला आता यूएसडीसी.ई म्हणतात आणि तिचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता निराळा आहे. आपण वापरलेला अधिकृत ब्रिज पावतीचेच टोकन देतो. सर्कलची क्रॉस-चेन ट्रान्सफर प्रोटोकॉल नावाची वेगळी वाट आहे, तिच्यात एकीकडे टोकन जाळून दुसरीकडे थेट यूएसडीसी काढले जाते, पण आपण त्या वाटेने गेलेला नाहीत.

खात्री अशी करून घ्या. पॉलिगॉनस्कॅनवर आपला पत्ता टाकल्यावर जी पहिली यादी उघडते, तिच्यात मुख्यतः आपण स्वतः सुरू केलेले व्यवहार असतात, ब्रिजने दिलेली टोकने नसतात. पॉलिगॉनवर आपण काहीच केलेले नाही, त्यामुळे ती रिकामी असणारच. तिच्या शेजारी ईआरसी-२० (यूएसडीसीसारख्या टोकनांचा ठरावीक नमुना) टोकनांच्या हस्तांतरांची स्वतंत्र यादी आहे, ती उघडा. तेथे रविवारी रात्रीची, साधारण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाची एक नोंद सापडावी. पाठवणाऱ्याच्या रकान्यात सगळी शून्ये असलेला पत्ता असेल आणि रक्कम ६४० असेल. शून्य पत्ता पाहून घाबरू नका, टोकन नव्याने निर्माण झाले याची ती खूण आहे. त्या नोंदीतील टोकनच्या नावावर दाबले की कॉन्ट्रॅक्ट पत्ता दिसतो. शून्य-एक्सनंतर २७९१ अशी सुरुवात असेल तर तेच यूएसडीसी.ई. तो पूर्ण पत्ता मेटामास्कमध्ये जोडा, शिल्लक तेथल्या तेथे दिसेल.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. शिल्लक दिसली म्हणून घाईने ती एक्स्चेंजवर पाठवू नका. काही एक्स्चेंज पॉलिगॉनवर फक्त थेट काढलेले यूएसडीसी स्वीकारतात. तेथे पावतीचे टोकन पाठवले तर साखळीवर ते पोहोचते, पण आपल्या खात्यात जमा होत नाही, आणि मग त्यांच्या मागे लागण्याखेरीज हाती काही उरत नाही.

जंक्शन_भुसावळ यांचे उत्तर

वरील निदान मला पटते. पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांची दिशा उलटी असते, म्हणून माझा अनुभव येथे नोंदवतो.

मी आर्बिट्रम या नेटवर्कवरून इथेरियमकडे तेथील मूळ ब्रिजने इथर (इथेरियमचे स्वतःचे चलन) परत आणले होते. आर्बिट्रमवरील शिल्लक लगेच कमी झाली, इथेरियमवर काहीच आले नाही, आणि दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. नंतर कळले की आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांसारख्या नेटवर्कांवरून मूळ ब्रिजने बाहेर पडताना साधारण सात दिवस थांबावे लागते. ही नेटवर्के व्यवहार खरे आहेत असे गृहीत धरून पुढे जातात, आणि कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर त्यासाठी ही मुदत ठेवलेली असते.

सात दिवस गेल्यावरही पैसे आपोआप येत नाहीत, येथेच लोक फसतात. त्याच ब्रिजच्या पानावर जाऊन, तेच वॉलेट जोडून, दावा करण्याचा आणखी एक व्यवहार इथेरियमवर आपल्याला करावा लागतो आणि त्याचे शुल्क इथरमध्येच भरावे लागते. ऑप्टिमिझमवर तर त्याआधी पुरावा सादर करण्याचा आणखी एक टप्पा असतो, आणि तो केल्याशिवाय सात दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. मी दावा करायला विसरलो, आणि चार महिन्यांनी ब्रिजच्या इतिहासाच्या पानावर ते बटण तसेच वाट पाहत असलेले दिसले. आर्बिट्रमवर दाव्याला अंतिम मुदत नसल्यामुळे इथर जसेच्या तसे मिळाले. पार्सल स्थानकावर उतरले तरी पावती दाखवून सोडवून आणावे लागते, हे भुसावळात राहून मला सुचायला हवे होते.

पांझरा_काठ यांचे उत्तर

मी फक्त त्या खासगी संदेशांबद्दल लिहितो, कारण माझ्या एका नातेवाइकाचे नुकसान अगदी याच वाटेने झाले. ‘वॉलेट पडताळणी’ नावाची काही प्रक्रिया अस्तित्वात नाही. पाठवलेला दुवा उघडला की शेवटी वॉलेट तयार करताना मिळालेले बारा गुप्त शब्द मागितले जातात, किंवा अशा व्यवहारावर सही मागितली जाते की ज्यामुळे टोकन काढून घेण्याचा अधिकार समोरच्याला मिळतो. ते बारा शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली आहे, आणि शिल्लक तपासण्यासाठी किल्ली लागत नाही; पत्ता आणि हॅश पुरतात, आणि ते दोन्ही सर्वांना खुलेच असतात. कोणी आधीच शब्द देऊन बसला असेल तर उरलेली रक्कम नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये लगेच हलवावी आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांना फार किंमत असते.

आणखी एक. हस्तांतरांच्या यादीत आपल्या ओळखीच्या पत्त्यासारखे सुरुवातीचे व शेवटचे अंक असलेले, शून्य रकमेचे व्यवहार कधीकधी दिसतात. ते मुद्दाम पेरलेले असतात. त्या यादीतून पत्ता उचलून पैसे पाठवण्याची सवय ठेवू नये.

अमळनेरकर

सापडले. टोकनांच्या यादीत एकच नोंद होती: रात्री ११ वाजून ४ मिनिटे, शून्य पत्त्यावरून ६४०. कॉन्ट्रॅक्टची सुरुवात २७९१ चीच आहे. पत्ता जोडताच मेटामास्कमध्ये पूर्ण शिल्लक दिसली. आपणा सर्वांचे आभार.

आता पुढची अडचण. यूएसडीसी.ई देऊन थेट यूएसडीसी घ्यावे म्हणून स्वॅप करायला गेलो, तर शुल्कापुरती शिल्लक नाही असा संदेश येतो. माझ्याकडे यूएसडीसी.ई ६४० आहेत, त्यातूनच शुल्क कापून घेता येणार नाही का?

केळीमाल_सावदा

सहसा नाही. पॉलिगॉनवर शुल्क पीओएल या टोकनमध्ये भरावे लागते. ४ सप्टेंबर २०२४ पूर्वी तेथे मॅटिक चालत असे, त्यामुळे जुन्या लेखांत ते नाव आढळेल. एका व्यवहाराला सहसा काही पैसे ते एखाद-दोन रुपये लागतात, म्हणून एक्स्चेंजवरून दोन-चार पीओएल मागवले तरी पुष्कळ दिवस पुरतील. पाठवताना नेटवर्क पॉलिगॉनच निवडा, कारण पीओएल इथेरियमवरही आहे. चुकून इथेरियम निवडले, तर शुल्कासाठी मागवलेले टोकनच पलीकडच्या तीरावर अडकेल आणि हा सगळा प्रश्न आपल्याला पुन्हा येथे विचारावा लागेल.

स्वॅप करताना शेवटी मिळणारी रक्कम वाचूनच सही करा. या जोडीसाठी एक शतांश टक्का शुल्काचे पूल (टोकनांची अदलाबदल जेथून होते ते सामायिक साठे) आहेत. ६४० वर त्याहून बराच जास्त फरक दिसत असेल तर वाट चुकली आहे असे समजून थांबा. आधी वीस यूएसडीसी.ई बदलून पाहा.

अमळनेरकर

तीन पीओएल मागवले, काही मिनिटांत आले. आधी वीस बदलून पाहिले, नंतर उरलेले ६२० बदलले. हाती थेट यूएसडीसी ६३९.८ आले, आणि पूर्वी जोडून ठेवलेल्या त्या शून्याच्या जागी आता तो आकडा दिसतो. दोन्ही नेटवर्कवरील हॅश आणि तारखा विवरणपत्राच्या वेळी आमच्या सीएंना दाखवण्यासाठी दुकानाच्या वहीत उतरवून ठेवले आहेत. इथेरियमवर ब्रिजला दिलेली ती परवानगी मात्र अजून तशीच असेल ना?

केळीमाल_सावदा

इथरस्कॅनवर परवानग्या तपासण्याचे पान आहे, तेथे पाहा. मर्यादा ६४० चीच दिली असेल तर ती वापरून संपलेली आहे आणि काही करण्याची गरज नाही. अमर्याद दिलेली दिसली तर रद्द करा. त्यासाठी इथेरियमवर थोडे इथर लागेल, म्हणून शुल्क उतरलेले असेल अशी वेळ पाहून करा.