लोकल क्रेटची गाडी धरू की पुणे लाईन?

डिचोलीचा टिपर:
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय ३८, हेवी लायसन आहे. २०१२ला खाणी बंद झाल्या तोवर टिपरवरच होतो, मग थोडं चालू झालं आणि २०१८ला परत बंद, तेव्हापासून खडी, पाण्याचा टँकर, जे मिळेल ते मारतोय. आता एकदम दोन कामं आलीत आणि डोकं चालत नाही. एक कुंडईहून, सहाचाकी, कोल्ड्रिंक आणि बियरचे क्रेट फोंडा, मडगाव ते पार काणकोणपर्यंत टाकायचे, १९ हजार, पीएफ-ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), रात्री घरी. दुसरं वेर्ण्याहून दहाचाकी, बेळगाव-कोल्हापूर-पुणे, पगार १४ हजार आणि वर ट्रिपचा बत्ता, शेठ म्हणतो महिन्याला ३० कुठे गेले नाहीत. घरी आई, बायको, पोरगी सातवीत. घाटात भरलेली गाडी कधी घातलेली नाही. कुणी दोन्ही केलंय का?

रिटर्न भाडं:
मी नऊ वर्षं पुणे लाईन मारली. शेठ ३० म्हणतो ते खोटं नसेल, पण बत्त्यातून काय काय जातं ते तो सांगणार नाही. जेवण, चहा, आंघोळ, पार्किंग, कधी हमालांना वरचे शंभर-दोनशे, सगळं त्यातूनच. आणि पुण्याला गाडी खाली झाली की परतीचं भाडं मिळेपर्यंत बसून राहायचं. मी एकदा चाकणला तीन दिवस बसलो, केबिनमध्ये झोपून पाठीचा दांडा झाला, आणि बत्ता ट्रिपचा, दिवसाचा नव्हे, म्हणजे ते तीन दिवस माझ्या खिशातून गेले. त्यामुळे पगार किती ते नंतर, आधी विचार की गाडी उभी असली तर दिवसाचे किती देणार.

घाटाचं म्हणशील तर बेळगावच्या वाटेवरचा अनमोड शिकता येतो पण पहिल्या उतारालाच शहाणपणा नको. ज्या गिअरात गाडी चढेल त्याच गिअरात उतरवायची, उतार लागायच्या आधी वरच गिअर खाली पाडून घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाने वेग रोखणारा) लावायचा, पायाने ब्रेक दाबून धरायचा नाही. मी पहिल्याच महिन्यात दाबून धरला होता. घाटाखाली मोलेला येईपर्यंत ब्रेक लायनरचा जळका वास, मागच्या चाकांतून धूर, मी घाबरून बाटलीतलं पाणी ओतायला निघालो तर मागच्या गाडीतला म्हातारा ड्रायव्हर धावत येऊन हात धरून म्हणाला, अरे ड्रम तडकेल, नुसता उभा राहा. तासभर उभे होतो दोघं. आणि जून-जुलैत ताडपत्री कोण बांधणार तेही विचार, क्लीनर देतात की नाही ते, नाहीतर भर पावसात लोडवर चढून रस्सा ओढायचा तो तूच.

क्रेट मोजणारा:
लोकल म्हणजे आराम असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक दिवस माझ्या गाडीवर यावं. पंचवीस-तीस दुकानं, अर्ध्या गल्ल्यांत रिव्हर्सच घालावा लागतो, बारवाला म्हणतो आता गिऱ्हाईक आहे थांब, आणि खरी डोकेदुखी एम्टीची, म्हणजे रिकाम्या बाटल्या-क्रेटची. भरलेले किती दिले, रिकामे किती आले, फुटले किती, हे जुळलं नाही तर कापतात ड्रायव्हरच्या पगारातून. मी पहिल्या महिन्यात १९ पैकी १७ घरी नेले. आता प्रत्येक दुकानात एम्टी मोजून वहीत सही घेतो, मालक कुरकुरतो, कुरकुरू दे. चवथ (गणपती) आणि डिसेंबर सोडून द्या, तेव्हा सहाला सुटायचं ते दहा वाजतात.
पण एक मान्य करतो, झुवारीचा नवीन पूल झाल्यापासून सुटलो. जुन्या पुलावर जड गाड्यांना बंदी होती तेव्हा बोरीला वळसा मारून मारून जीव जायचा.

पेडण्याची:
मी ड्रायव्हरची बायको म्हणून लिहिते, चालेल ना? हे सहा वर्षं बाहेरच्या लाईनला होते. नसण्याचं एवढं काही नाही दादा, सवय होते. त्रास असा की शुक्रवारी येतो म्हणायचे आणि यायचे रविवारी, मग डॉक्टरची तारीख, शाळेतली मीटिंग, कुणाचं लग्न, काहीच ठरवता यायचं नाही. एक चवथ त्यांनी कोल्हापूरला पंपावर काढली, मी इकडे गणपतीवरची माटोळी (फळा-पानांची सजावट) भावाकडून बांधून घेतली. आता लोकलला आहेत तर पहाटे पाचला जातात आणि आठला जेवतानाच डुलक्या. तरी ईएसआयचं कार्ड सासूच्या ऑपरेशनला उपयोगी पडलं, ते मी विसरणार नाही. पगार २१ हजारांपर्यंत असला तर मिळतं ते, १४वाला देतो का विचारा. आणि वहिनींना विचारलंत का?

चेकपोस्ट:
बाकी सगळे बोललेच. बाहेर जाणार असशील तर एकच, कुणी ओळखीचा म्हणेल दोन बाटल्या ने रे कोल्हापूरला, हसून नाही म्हण. परमिटशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात सापडली की गाडीसकट तू अडकणार, पाठवणारा फोन उचलत नाही. ई-वे बिलाची (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) मुदतही निघताना बघ, २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, रिटर्न लोडला उशीर झाला की बिल संपलेलं आणि गाडी अडवली तर उत्तर तुलाच द्यायचं.

डिचोलीचा टिपर:
सगळ्यांना थँक्यू. आज दोघांनाही फोन केला. क्रेटवाला म्हणाला फुटलेलं कापतो पण मोजायला हेल्पर देतो. पुणेवाल्याला उभ्या गाडीचे किती विचारलं तर म्हणाला बघू रे, तू आधी जॉईन तर हो. क्लीनर? तेही बघू. ईएसआय विचारलं तर हसला. बायकोला विचारलं (पेडण्याच्या वहिनींनी बरं टोकलं), ती म्हणाली बत्ता धरून ३० कागदावर लिहून देतो का बघा. लिहून देत नाही. तरी दहाचाकीचा मोह सुटत नाही हो, खरं सांगतो. सोमवारी त्यांची एक गाडी बेळगावला जातेय, तिच्या ड्रायव्हरच्या बाजूला बसून जाऊन येतो, मग कुंडईला मंगळवारी उत्तर देतो. तोवर त्याने थांबायचं कबूल केलंय.

रिटर्न भाडं:
जा. येताना अनमोड उतरताना ड्रायव्हरचा पाय कुठे आहे तेवढं बघ.